वाय-फाय चालू, व्हॉट्सअ‍ॅप चालू, पण वेबसाइट उघडत नाही? घरचा डीएनएस स्वतः कसा सेट करायचा

मागच्या वर्षी जुलैमधली गोष्ट. मी पुण्यात ऑफिसमध्ये होतो आणि धाकट्या बहिणीचा गावाहून फोन आला. "दादा, इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म आज पाचपर्यंत भरायचाय आणि साइटच उघडत नाहीये." मी विचारलं, नेट गेलंय का? तर म्हणाली, "नाही ना! व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातायत. वाय-फायच्या काड्या पण फुल्ल आहेत." तेव्हा सव्वातीन वाजले होते. आमच्या घराच्या भिंती जुन्या, दगडी. आत मोबाईलला एक काडी रेंज आली तरी नशीब, त्यामुळे मोबाईल डेटावर फॉर्म भरणं शक्य नव्हतं.

मी तिला क्रोममध्ये खाली बारीक अक्षरात काय लिहून आलंय ते वाचायला सांगितलं. ती अडखळत वाचायला लागली, "डीएनएस... प्रोब..." मी म्हटलं थांब, कळलं.

त्या दिवशी फॉर्म भरला गेला, पण आधी मी दोन चुका केल्या. पुढच्या काही महिन्यांत घरचं नेटवर्क नीट लावताना आणखी दोन केल्या. त्या चुकांसकट हे सगळं सांगतो. म्हणजे तुमच्या घरी असं झालं तर तुम्हाला कुणाला फोन करायची गरज पडणार नाही.

डीएनएस म्हणजे नक्की काय?

समजा तुम्ही अनोळखी गावात एसटीतून उतरलात. कुणाच्या तरी घरी जायचंय, नाव माहीत आहे, पत्ता माहीत नाही. मग तुम्ही स्टँडवरच्या पहिल्या टपरीवर विचारता. टपरीवाला सांगतो, "सरळ जा, मारुतीच्या देवळापासून डावीकडे, तिसरं घर."

इंटरनेटवर वेबसाइटचं नाव आपल्यासाठी असतं. मशीनला मात्र आकड्यांचा पत्ता लागतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. नाव देऊन पत्ता विचारायची जी व्यवस्था आहे, ती म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, अर्थात डीएनएस. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात सगळ्या कॉम्प्युटरची नावं एकाच फाइलमध्ये असायची. ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे तिथून कॉपी करून घ्यायचे. कॉम्प्युटर वाढले तशी ती फाइल पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तीच मूळ कल्पना आजही चालते.

तुम्ही ब्राउजरमध्ये एखादं नाव टाकलं की साधारण असं होतं:

१. फोन आधी स्वतःकडे बघतो की हा पत्ता नुकताच कुणी सांगितला होता का.
२. नसेल तर तो नेटवर्कने नेमून दिलेल्या डीएनएस सर्व्हरला विचारतो. घरच्या वाय-फायवर हा बहुतेक वेळा राउटर असतो आणि राउटर पुढे इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरला विचारतो.
३. त्या सर्व्हरलाही माहीत नसेल तर तो सर्वात वरच्या रूट सर्व्हरपासून सुरुवात करतो. जगात रूट सर्व्हरची १३ नावं आहेत, प्रत्येक नावामागे बऱ्याच ठिकाणी ठेवलेली मशीन्स. नाव 'डॉट इन'ने संपत असेल तर रूट सर्व्हर 'डॉट इन'वाल्यांकडे पाठवतो आणि ते त्या वेबसाइटच्या स्वतःच्या डीएनएसकडे पाठवतात.
४. मिळालेलं उत्तर काही काळ साठवून ठेवलं जातं, म्हणजे पुढच्या वेळी एवढी वणवण नको.

हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. आमच्या घरी पायरी दोन अडकली होती. रस्ता ठीक होता, पण टपरी बंद होती. व्हॉट्सअ‍ॅपचं कनेक्शन आधीच जोडलेलं होतं, त्याला नव्याने पत्ता विचारायची गरज नव्हती. म्हणून ते चालत राहिलं आणि आम्हाला वाटलं की नेट चालू आहे.

बिघाड डीएनएसचाच आहे हे कसं ओळखायचं?

फोनवर: क्रोममध्ये आलेल्या एररमध्ये 'डीएनएस' हा शब्द आहे का बघा. शिवाय तीच साइट मोबाईल डेटावर उघडते आणि वाय-फायवर नाही, असं असेल तर संशय पक्का.

विंडोज कॉम्प्युटरवर: कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'पिंग' लिहून पुढे ८.८.८.८ टाका. उत्तरं येतायत? मग आता आकड्यांच्या जागी कुठल्याही मोठ्या साइटचं नाव टाका. आकड्याला उत्तर येतं पण नाव सापडत नाही असं म्हणतो, तर गडबड डीएनएसमध्ये आहे. आकड्यालाही उत्तर नाही आलं तर बहुतेक वेळा नेटच बंद असतं. मग डीएनएस बदलून काही होणार नाही.

एक लक्षात ठेवा: इथे मी आकडे मराठीत लिहिलेत, पण टाइप करताना इंग्रजी कीबोर्डवरचेच आकडे वापरायचे. सर्व्हरची नावंही इंग्रजीत, स्पेस न देता.

कुणाला विचारायचं?

कंपनीची टपरी बंद असेल तर दुसरीकडे विचारता येतं, तेही फुकट. हे काही नेहमीचे पर्याय:

- गूगल: ८.८.८.८ आणि ८.८.४.४. २००९ पासून चालू आहे.
- क्लाउडफ्लेअर: १.१.१.१ आणि १.०.०.१. हा २०१८ मध्ये आला.
- क्वाड नाइन: ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२. धोकादायक म्हणून माहीत असलेल्या साइट्सचा पत्ता हा देतच नाही.
- क्लाउडफ्लेअर फॅमिली: १.१.१.३ आणि १.०.०.३. व्हायरसवाल्या आणि प्रौढांसाठीच्या साइट्स अडवतो. घरात लहान मुलं असतील तर उपयोगी.

फोनवर: माझ्या पहिल्या दोन चुका

अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाचं सेटिंग आहे. सेटिंग्जमध्ये वरच्या सर्चमध्ये 'प्रायव्हेट' टाइप केलं की सापडतं, कारण प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या ठिकाणी लपवलंय. तिथे आकडे चालत नाहीत, सर्व्हरचं नाव द्यावं लागतं. गूगलसाठी 'डीएनएस डॉट गूगल', क्लाउडफ्लेअरसाठी 'वन डॉट वन डॉट वन डॉट वन', शब्दांत. याचा फायदा म्हणजे तुमचे प्रश्न एन्क्रिप्ट होऊन जातात. मधल्या कुणाला ते वाचता येत नाहीत.

मी बहिणीला तेच करायला लावलं. फोन म्हणाला, कनेक्ट होऊ शकत नाही. दोनदा, तीनदा. मी स्पेलिंग तपासत बसलो आणि दहा मिनिटं गेली. मग डोक्यात प्रकाश पडला. 'डीएनएस डॉट गूगल' हेसुद्धा एक नावच आहे! त्याचा पत्ता काढायला फोन आधी त्याच बंद टपरीवर जाणार. नेहमीचा डीएनएस पूर्ण बंद असेल तेव्हा प्रायव्हेट डीएनएस उपयोगाला येत नाही, तेव्हा आकडेच द्यावे लागतात. ही माझी पहिली चूक.

आकडे द्यायचे ते वाय-फायच्या सेटिंगमध्ये. आयफोनवर हे सोपं आहे: वाय-फायच्या नावासमोरचं 'आय' चिन्ह दाबा, 'कॉन्फिगर डीएनएस', मग 'मॅन्युअल', जुने आकडे काढा, नवे टाका. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मात्र त्यासाठी 'आयपी सेटिंग्ज' हे 'डीएचसीपी'वरून 'स्टॅटिक' करावं लागतं. मग फोनचा स्वतःचा पत्ता, गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता, आणि डीएनएस १ व २, असं सगळं हाताने भरायचं.

मी तिला फोनचा त्या क्षणी जो पत्ता होता तोच भरायला सांगितला, १९२.१६८.१.५. डीएनएस १ मध्ये ८.८.८.८. सेव्ह. साइट उघडली. चार वाजून पाच मिनिटं. साडेचारला तिचा मेसेज आला: "सबमिट झाला."

दुसरी चूक आठवड्याने कळली. गावाला लाइट गेली आणि आली. राउटर नव्याने चालू झाला. १.५ हा पत्ता बहिणीच्या फोनने धरून ठेवलाय हे त्याला माहीतच नव्हतं, कारण फोनने तो त्याच्याकडे मागितला नव्हता. त्याने तोच पत्ता टीव्हीला देऊन टाकला. एका पत्त्यावर दोघं! कधी टीव्ही अडकायचा, कधी फोन. बाबांना वाटलं टीव्ही गेला. दुकानदाराला बोलवायच्या आत मी फोन परत 'डीएचसीपी'वर करायला लावला म्हणून बरं.

म्हणून अँड्रॉइडवर 'स्टॅटिक' हा फक्त वेळ मारून न्यायचा उपाय समजा. काम झालं की परत 'डीएचसीपी'. कायमचा उपाय राउटरवर करायचा.

विंडोजवर

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मग हार्डवेअर प्रॉपर्टीज. तिथे 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट'समोर एडिट दाबून 'मॅन्युअल' निवडा, आयपी व्ही ४ चालू करून दोन आकडे भरा. इथे कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता बदलावा लागत नाही, त्यामुळे टीव्हीसारखी भांडणं होत नाहीत. बदल केल्यावर एकदा रिस्टार्ट करा, जुने साठवलेले पत्ते पुसले जातात.

राउटरवर: एकदाच करा, सगळ्या घराला लागू

दिवाळीला गावी गेलो तेव्हा हे केलं. पायऱ्या अशा:

१. ब्राउजरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. राउटरच्या खालच्या स्टिकरवर पत्ता आणि पासवर्ड असतो.
२. काहीही बदलायच्या आधी आत्ताच्या सेटिंगचा फोटो काढा. हा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. काही बिघडलं तर परत जायचा रस्ता तोच.
३. 'लॅन' किंवा 'डीएचसीपी' या पानावर डीएनएसचे दोन रकाने असतात, तिथे नवे आकडे भरा. 'वॅन'च्या पानावरही डीएनएस असतो. तो राउटर स्वतः कुणाला विचारेल त्यासाठी. 'लॅन'वाला म्हणजे घरातल्या फोनना राउटर कुणाचं नाव सांगेल ते.
४. सेव्ह करा, राउटर रिस्टार्ट करा, फोनचं वाय-फाय बंद-चालू करा.

काही इंटरनेट कंपन्या स्वतःच्या राउटरमध्ये हे रकाने कुलूपबंद ठेवतात. मग फोन आणि कॉम्प्युटरवर वेगवेगळं करण्याला पर्याय नाही. आणि कंपनी आयपी व्ही ६ देत असेल तर फोनला तिकडूनही एक डीएनएस मिळतो. सगळं बदलूनही जुनाच सर्व्हर वापरला जात असेल तर तो रकाना बघा. गूगलचा तिथला आकडा आहे २००१:४८६०:४८६०::८८८८.

घरातल्या मशीनना नावं द्यायची हौस

आता चूक नंबर तीन. आमच्याकडे एका जुन्या लॅपटॉपवर मी घरचे सगळे फोटो ठेवलेत. आई फोनवरून १९२.१६८.१.३७ उघडून बघायची. लाइट गेली की पत्ता बदलायचा आणि आईचा फोन यायचा, "अरे, फोटो गेले सगळे!"

निम्मा उपाय सोपा होता. राउटरमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' नावाचं पान असतं. तिथे सांगता येतं की या मशीनला कायम हाच पत्ता द्यायचा. हे राउटरच्या संमतीने होतं, म्हणून 'स्टॅटिक'सारखा गोंधळ होत नाही.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, आकडे कशाला, आईला 'फोटो डॉट इंटरनल' असं नाव देऊ. 'इंटरनल' ही शेपटी २०२४ मध्ये खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवली गेली आहे, त्यामुळे बाहेरच्या कुठल्या साइटशी टक्कर नाही. कॉम्प्युटरवर हे होस्ट्स फाइलमध्ये होतं. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरमध्ये ती असते. नोटपॅड 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडायचं आणि एका ओळीत पत्ता, स्पेस, नाव असं लिहायचं. पण साध्या फोनवर ती फाइल बदलता येत नाही. म्हणून मी त्या लॅपटॉपवरच छोटा डीएनएस सर्व्हर टाकला आणि राउटरला सांगितलं, सगळ्यांना याच्याकडे पाठव.

दोन दिवस मस्त चाललं. पण बहिणीच्या फोनवर ते नाव कधीच उघडलं नाही. कारण फॉर्मच्या गडबडीनंतर तिने प्रायव्हेट डीएनएस चालू ठेवला होता. तो घरच्या सर्व्हरला विचारतच नाही, थेट बाहेर जातो. आणि आमच्या घरातलं नाव बाहेर कुणाला माहीत असणार?

चौथी चूक मोठी. मी पुण्याला परतलो आणि लाइट गेली. राउटरला इन्व्हर्टर होता, लॅपटॉपची बॅटरी मेलेली. लॅपटॉप बंद म्हणजे घरची एकमेव टपरी बंद. सगळ्या घराचं नेट 'गेलं'. मी फोनवर दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८ टाकायला सांगितलं, बॅकअप म्हणून. तर नवंच सुरू झालं: फोटो कधी उघडतात, कधी नाही. बरेच जण दुसरा डीएनएस म्हणजे पहिला पडला तरच वापरायचा असं समजतात. प्रत्यक्षात फोन दोघांपैकी कुणालाही विचारू शकतो. म्हणून दोन्ही रकान्यांत सारखंच उत्तर देणारे सर्व्हर हवेत.

शेवटी मी सर्व्हर काढून टाकला. लॅपटॉपचा पत्ता राखून ठेवला आणि आईच्या फोनच्या होम स्क्रीनवर त्या पत्त्याचा शॉर्टकट ठेवला. खाली नाव लिहिलं 'फोटो'. आईला तेवढंच हवं होतं.

इथे फसवणूक कशी होते?

पत्ता सांगणाऱ्यावर आपण आंधळा विश्वास ठेवतो, आणि तोच धोका आहे. २०११ मध्ये एफबीआयने 'डीएनएस चेंजर' नावाच्या व्हायरसची टोळी पकडली. १०० हून जास्त देशांतल्या सुमारे ४० लाख कॉम्प्युटरची डीएनएस सेटिंग या टोळीने गुपचूप बदलली होती, म्हणजे लोक पत्ता चोराच्याच टपरीवर विचारत होते. राउटरचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच असेल तर राउटरही बदलायचा प्रयत्न तो व्हायरस करायचा. ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो लोकांचं नेट गेलं असतं. म्हणून त्यांच्या जागी काही महिने चांगले सर्व्हर चालवले आणि ९ जुलै २०१२ ला ते बंद केले.

यातून आपण तीन सवयी घ्यायच्या:

- राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो.
- 'हा डीएनएस टाका, सगळं फुकट बघा' असं सांगणाऱ्या व्हिडिओतले अनोळखी आकडे कधीच भरू नका.
- बँकेची साइट उघडताना सर्टिफिकेटचा इशारा आला तर 'तरीही पुढे जा' दाबू नका. पत्ता चुकीचा मिळाला तरी खोट्या साइटकडे खरं सर्टिफिकेट नसतं. तो इशारा शेवटचं कुंपण आहे.

डीएनएस बदलून काय होत नाही?

डाउनलोडचा स्पीड वाढत नाही. पत्ता जरा लवकर मिळेल, पण रस्ता तोच. उलट कधी कधी बाहेरचा डीएनएस तुम्हाला व्हिडिओच्या जवळच्या सर्व्हरऐवजी लांबच्या सर्व्हरकडे पाठवतो आणि बफरिंग वाढतं. तसं झालं तर दुसरा पर्याय लावून बघा.

तुम्ही लपतही नाही. हा व्हीपीएन नाही. आणि तुम्ही कुठल्या साइट्स विचारता हे नव्या सर्व्हरला दिसतंच. तुम्ही फक्त विश्वास एकाकडून दुसऱ्याकडे नेता.

प्रत्येक बिघाडावर तो उपायही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही जवळपास सहा तास बंद पडले होते. तेव्हा फेसबुकचे स्वतःचे डीएनएस सर्व्हरच इंटरनेटवरून गायब झाले होते. मग तुम्ही गूगलला विचारा की क्लाउडफ्लेअरला, खरा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता.

आणि कॉलेज, हॉटेल किंवा स्टेशनच्या वाय-फायवर लॉगिनचं पान येत नसेल तर प्रायव्हेट डीएनएस थोडा वेळ 'ऑटोमॅटिक' करा. बहुतेक वेळा तेच आडवं आलेलं असतं.

थोडक्यात

आधी तपासा की बिघाड डीएनएसचाच आहे. घाई असेल तर फोनवर आकडे भरा, काम झालं की 'डीएचसीपी'वर परत या. सवडीने राउटरवर नीट करा, आधी फोटो काढून. आणि आज, नेट चालू असतानाच, ८.८.८.८ हा आकडा कागदावर लिहून राउटरला चिकटवून ठेवा. नेट अडकल्यावर तो शोधायला गूगल उघडणार नाहीये. आमच्या घरच्या राउटरवर बहिणीने तो चिकटवलाय, शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय: "आधी हे, मग दादाला फोन."